वास, स्पर्श, आवाज सहन न होणाऱ्या मुलांना जेवायला कसं द्यायचं

"भूक लागली की खाईल आपोआप" असं सांगणारे नातेवाईक, शेजारी, कधी कधी डॉक्टरसुद्धा भेटतात. सेन्सरी त्रास (म्हणजे वास, चव, स्पर्श, आवाज यांच्या जाणिवेचा त्रास) असलेली काही मुलं खरंच खात नाहीत, भूक लागली तरी नाही, आणि उपाशी ठेवलं तर ती ताटाचीच धास्ती घेतात. हा हट्ट नाहीये आणि लाडाचा परिणाम पण नाहीये, त्यांच्या जिभेला, नाकाला, कानाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतं. (काहींना उलट कमी जाणवतं, ती तोंडात घास कोंबून बसतात किंवा सारखं तिखट, कुरकुरीत मागतात.)

१. आधी डॉक्टर. बद्धकोष्ठता, ॲसिडिटी, किडलेला दात, सुजलेले टॉन्सिल्स हे सगळं बघून घ्या, हिमोग्लोबिन, लोह आणि बी-१२ तपासा. गिळताना खोकला किंवा ठसका येत असेल, वजन घटत असेल तर घरचे प्रयोग नकोत, सरळ तज्ज्ञाकडे जा. खाजगी ऑक्युपेशनल थेरपी (खाणं, खेळणं अशी रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून दिलेली थेरपी) परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार देणारं सरकारी केंद्र, आहे का विचारा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं चालतात, पैसे लागत नाहीत.

२. यादी करा. मूल जे जे खातं ते ब्रँडसकट, आकारासकट लिहा. नुसतं "पोळी" नाही, "तव्यावरून लगेच उतरलेली, तूप न लावलेली, काळा डाग नसलेली पोळी" असं.

३. बैठक. पाय लटकत असतील तर पायाखाली पाट द्या. टीव्ही, मिक्सर बंद, फोडणी जेवणाच्या बरीच आधी करून टाका. स्टीलच्या ताटावर चमचा घासला की कान झाकत असेल तर लाकडी चमचा. जेवणाआधी उड्या मारू दे, कणीक मळू दे.

४. नवीन पदार्थ. आमचं गाडं इथेच अडलं होतं, कितीतरी महिने, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

नियम एकच: जे खातंय त्याला हात लावायचा नाही, आणि त्याच्या शेजारी जे नवीन येईल त्यात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माझी लेक पातळ, कुरकुरीत बटाट्याच्या काचऱ्या आणि कोरडा भात खायची, बाकी काही नाही. मग त्यांच्या शेजारी तशाच पण जरा जाड काचऱ्या ठेवल्या. त्या चालल्या तेव्हा तेवढ्याच जाडीच्या, तशाच खरपूस रताळ्याच्या, मग कच्च्या केळ्याचे काप. डायरेक्ट मेथीची भाजी वाढली असती तर ती ताटावरून उठून गेली असती.

नवीन तुकडा नखाएवढा, वेगळ्या वाटीत. पहिले काही दिवस ती वाटी शेजारी सहन झाली एवढंच पुरे. मग चमच्याने ढकलणं, बोट लावणं, वास घेणं, ओठाला लावणं, चाटणं, चावून थुंकणं. हो, थुंकायला रिकामी वाटी द्याच, बाहेर काढता येतं हे माहीत असलं की मूल तोंडात घ्यायला धजतं. "अन्न हे पूर्णब्रह्म" म्हणत वाढलेल्या आजीला हे बघवत नाही, तिला आधीच नीट समजावून ठेवा, ऐन जेवणात वाद नको. उबळ आली की त्या दिवशी तिथेच थांबायचं. कुठल्याही मुलाला नवीन भाजी दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, आपल्या मुलांना त्याहून बरीच जास्त.

पालक लपवून पराठे, बीट किसून पोळीत, हे व्हिडिओ बघून करू नका, प्लीज. या मुलांना लगेच कळतं, आणि मग पालक तर जातोच पण पोळीसुद्धा यादीतून जाते, आणि ती परत आणणं नवीन पदार्थ शिकवण्यापेक्षा अवघड असतं. औषधही आवडत्या पदार्थात मिसळू नका.

मिश्र पोत हा सगळ्यात मोठा त्रास. मऊ वरण-भात चालू असताना मध्येच मोहरी दाताखाली येते, कढीपत्त्याचं पान टाळूला चिकटतं, नाहीतर टोमॅटोची साल जिभेवर राहते, आणि अख्खं जेवण तिथे संपतं. म्हणून वरण बिनफोडणीचं ठेवा किंवा त्याच्यासमोरच गाळून द्या. पोह्यातले शेंगदाणे काढूनच वाढा, लहान मुलाला ठसक्याच्या भीतीने तसेही अख्खे देऊ नयेत.

"एक घास माझ्यासाठी", "संपवलंस तर चॉकलेट", मोबाईल दाखवून भरवणं, सगळं बंद. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी केलेली वाटणी मला पटते: काय, कधी, कुठे हे आपण ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. फक्त ताटात त्याचा एक तरी ओळखीचा पदार्थ हवाच, नाहीतर ही वाटणी म्हणजे पुन्हा उपाशी ठेवणंच झालं.

५. तोच पदार्थ रोज नको. एक दिवसाआड फिरवा, नाहीतर कंटाळून तोही सुटतो.

६. लग्न, मुंज, सहल. घरूनच खाऊ घालून न्या, शिवाय डबा घ्या आणि पंगतीत बिनधास्त उघडा. कुणी आग्रह करायला लागलं तर "तिचं जेवण झालंय" म्हणायचं, मुलासमोर त्याच्या खाण्याची चर्चा करायची नाही. शाळेतही बाईंना लिहून द्या की डबा संपवायची सक्ती नको.