आणीबाणीसाठी स्वस्तातली बंदूक घेताय? अमेरिकेतल्या मराठी घरांनी या चुका टाळा

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं आणि लाखो घरांची वीज गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने पश्चिम नॉर्थ कॅरोलायना धुऊन काढलं, त्यानंतर अ‍ॅशव्हिलच्या नळाला सात आठवड्यांहून जास्त काळ पिण्याजोगं पाणी नव्हतं. दोन्ही वेळी घराघरांत कमी पडलं ते पाणी, ऊब आणि औषधं. म्हणून पहिली चूक यादीच्या क्रमातच होते: बंदूक वर आणि पाणी खाली. माणशी रोज १ गॅलन धरा, म्हणजे चौघांच्या घराला दोन आठवड्यांसाठी ५६ गॅलन पाणी लागतं. तेवढं घरात नसेल तर बंदुकीचे पैसे आधी तिकडे वळवा. ते झालं असेल, घर वस्तीपासून लांब असेल, पोलीस यायला अर्धा तास लागत असेल आणि विचारपूर्वक एक बंदूक घ्यायची ठरली असेल, तर पुढचं वाचा.

व्हिसा न बघता दुकान गाठणं

आपल्या लोकांच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी चूक हीच. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्डधारकाला आणि नागरिकाला ही आडकाठी नाही. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हे सगळं स्पष्ट विचारलेलं असतं आणि तिथे खोटं उत्तर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मित्र एच-१बीवर आहे म्हणून ग्रीन कार्डवाल्याने त्याच्या पैशांनी बंदूक घेऊन देणं, याला तिकडे ‘स्ट्रॉ पर्चेस’ म्हणतात. २०२२ च्या कायद्यानंतर त्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोस्ती, शेजारधर्म, काहीही कारण असलं तरी हे करू नका.

राज्यागणिक नियम बदलतात. इलिनॉयमध्ये आधी एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगणार्‍याचं राज्याचं ओळखपत्र) लागतं, न्यू जर्सीत खरेदीसाठीचं ओळखपत्र, कॅलिफोर्नियात १० दिवस थांबावं लागतं. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन (बंदुकीत गोळ्या भरून ठेवायची पेटी) चालत नाही. टेक्सासमधल्या भावाने सुचवलेली वस्तू न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बेकायदा ठरू शकते. सल्ला कुठून येतोय ते आधी बघा.

सगळं बजेट बंदुकीतच घालवणं

६०० डॉलर हातात असताना ५८० ची बंदूक घेतली की ती कपाटात नुसती पडून राहते. काडतुसं नाहीत, कुलूप नाही, सराव नाही. ६०० ची वाटणी साधारण अशी करा: साधी पंप शॉटगन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून भरायची छर्‍यांची बंदूक) २४०, कर आणि दुकानाचं शुल्क मिळून ४०, कुलूपबंद पोलादी कपाट किंवा पेटी १००, कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण ३५, सफाईचं सामान २५, सरावाच्या बारीक छर्‍यांची १०० काडतुसं ४५, मोठ्या छर्‍यांची २५ काडतुसं ३५, आणि प्रशिक्षकाकडे अर्धा दिवस ८०. भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात, पण प्रमाण हेच ठेवा. बंदुकीवर अर्ध्याहून जास्त खर्च होत असेल तर बंदूक बदला, सराव कापू नका.

जुना सल्ला ऐकून माल घेणं

मोसिन-नागान्त ही जुनी रशियन रायफल एके काळी शंभरेक डॉलरला मिळायची. ‘गरिबाची सर्व्हायव्हल रायफल’ हे तिचं नाव तेव्हापासून चालत आलंय. आज ती कित्येक पट महाग आहे. शिवाय तिच्या जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडातली, ठोका बसताच पेटणारी टोपी) उडाल्यावर क्षार मागे राहतात, ते हवेतला ओलावा ओढतात आणि एक-दोन दिवसांत नळी आतून गंजते. नुसतं तेल लावून क्षार जात नाहीत. ते पाण्यात विरघळतात, म्हणून नळी आधी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेल लावावं लागतं. नवख्याने या फंदात पडू नये.

आजच्या घडीला कमी पैशात खात्रीच्या दोनच वाटा सुचवाव्याशा वाटतात. एक, बारा किंवा वीस गेजची पंप शॉटगन. आपल्याकडे जिला बारा बोअर म्हणतात तीच ही ट्वेल्व्ह गेज; गेजचा आकडा मोठा तशी नळी बारीक. मॉसबर्ग कंपनीची मॅव्हरिक ८८ या वर्गात वर्षानुवर्षं टिकून आहे. तिला त्याच क्षमतेच्या मॉसबर्ग ५०० ची नळी बसते, त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात. ट्रिगरचा संच मात्र अदलाबदल होत नाही, कारण ८८ चा सेफ्टीचा खटका ट्रिगरपाशी असतो आणि ५०० चा वर, अंगठ्याखाली. दुसरी वाट म्हणजे .२२ एलआर, म्हणजे बारीक गोळीची रायफल. रुगर १०/२२ ही १९६४ पासून बनतेय, भाग कुठेही मिळतात, आणि एक गोळी दहा सेंटच्या आसपास पडते म्हणून सराव भरपूर होतो. घराच्या रक्षणाला .२२ तोकडी, पण नेम शिकायला तिच्यासारखी दुसरी नाही.

पिस्तूल पहिलं घेऊ नका. नेम धरायला सर्वांत अवघड, चुकून सुटायला सर्वांत सोपं, आणि मुलांच्या हाताला सहज लागणारं तेच. दुकानदाराकडून ते घ्यायला संघीय नियमाने वयही २१ लागतं, लांब नळीच्या बंदुकीला १८.

आणि नळी कापून बंदूक आटोपशीर करायचा विचार डोक्यातून काढा. शॉटगनची नळी १८ इंचांच्या आत किंवा रायफलची १६ च्या आत गेली की नोंदणीशिवाय ती बाळगणं हा गंभीर संघीय गुन्हा आहे.

अंगाला न बसणारी बंदूक

कारखान्यातून येणारा, खांद्याला टेकवायचा दस्ता उंचपुर्‍या माणसाला धरून केलेला असतो, ट्रिगरपासून टोकापर्यंत सुमारे १४ इंच. सव्वापाच फुटांच्या माणसाला तो लांब पडतो. मग माणूस मागे झुकतो, दस्ता खांद्यावरून घसरून दंडावर येतो आणि झटका हाडाला लागतो. पाच बार उडवल्यावर तो बंदुकीला हात लावायला तयार नसतो. दुकानातच तपासा: रिकामी बंदूक असल्याची खात्री करून कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या बेचक्यात टेकवा, आणि तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरपर्यंत पोचतं का पाहा. पोचत नसेल तर ‘यूथ’ किंवा ‘कॉम्पॅक्ट’ मॉडेल मागा, त्यांचा दस्ता १२-१३ इंचांचा असतो. घरातल्या सगळ्यांत लहान चणीच्या प्रौढालाही ती वापरायची असेल तर मोजमाप त्या व्यक्तीचं घ्या. वीस गेज इथे कामाला येते: झटका कमी आणि घरच्या अंतरावर काम पुरेसं.

वापरलेली बंदूक घाईत घेणं

जुनी शॉटगन हा स्वस्ताईचा उत्तम मार्ग आहे, पण काउंटरवर पाच मिनिटं काढा. दुकानदाराची परवानगी घेऊन बंदूक उघडा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) आणि काडतुसं साठवायची खालची नळी डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही चाचपा. मग मुख्य नळीच्या एका टोकाला टॉर्च लावून दुसर्‍या टोकातून बघा. आतल्या चकाकीत कुठे गोल काळी कडी दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे. ती बंदूक खाली ठेवा, भाव कितीही पडला तरी. नंतर खटका ‘सेफ’वर टाकून ट्रिगर ओढा, सोडा, आणि खटका उघडा. खटका उघडताच आतला हॅमर सुटल्याचा आवाज आला तर सेफ्टी निकामी आहे. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर कुणीतरी अडाणी हाताने आत काम केलंय. शेवटी डमी (न उडणारी, नकली) काडतुसं भरून चार-पाच वेळा पंप करा, प्रत्येक डमी ठसक्यात बाहेर पडली पाहिजे.

काडतुसांची गल्लत

ही बाब सावकाश वाचा, कारण इथल्या चुकीने बोटं जातात.

वीस गेजचं काडतूस बाराच्या चेंबरमध्ये टाकलं तर ते खाली पडत नाही, सरळ पुढे घसरून नळीत काही इंचांवर अडकतं. मागून पाहणार्‍याला चेंबर रिकामं दिसतं. ‘उडालं नाही’ म्हणून माणूस बाराचं काडतूस भरतो, ट्रिगर ओढतो, आणि नळी पुढच्या हाताच्या जागी फाटते. म्हणूनच अमेरिकेत वीस गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. घरात दोन्ही गेज असतील तर खिसे, पेट्या आणि कपाटाचे कप्पे वेगळे ठेवा. एका वेळी एकच पेटी बाहेर काढा.

दुसरी गल्लत लांबीची. काडतुसाची लांबी ते उडाल्यावर तोंड पूर्ण उलगडलं की मोजतात. त्यामुळे ३ इंची काडतूस न उडालेल्या अवस्थेत पावणेतीन इंची चेंबरमध्ये आरामात बसतं. उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब धोक्याच्या वर जातो. नळीवर कोरलेलं वाचा. तिथे २ ३/४ लिहिलं असेल तर ३ इंची भरायचं नाही. जुन्या बंदुकांत हे हमखास चुकतं.

घरातल्या भिंतीचाही विचार करा. तिकडच्या आतल्या भिंती म्हणजे अर्ध्या इंचाचे दोन जिप्सम पत्रे. मोठे छर्रे त्या सहज पार करतात. पलीकडे मुलांची खोली असेल तर कुठून कुठे नेम धरायचा नाही, हे आधीच ठरलेलं हवं.

अडकली, तर काय?

पंप शॉटगन अडकते तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा दोष हाताचा असतो. पुढची मूठ पूर्ण मागे न खेचता अर्ध्यातून पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवं वर येत नाही. इलाज: मूठ शेवटपर्यंत जोरात मागे, मग जोरात पुढे. डमी काडतुसांनी रोज २० वेळा, आठवडाभर. हळुवारपणा इथे गुण नाही.

रिकामं काडतूस चेंबरला घट्ट चिकटत असेल तर दोन कारणं शोधा. स्वस्त काडतुसांची बूड पितळेऐवजी पोलादाची असते, ती फुगल्यावर पितळेसारखी आकसत नाही. आणि नव्या स्वस्त बंदुकीचं चेंबर आतून खरबरीत असतं. सॉल्व्हंट लावून कांस्याचा ब्रश चेंबरमध्ये गोल फिरवा, कोरडं पुसा, पितळी बुडाची काडतुसं वापरून पाहा. न उडालेलं काडतूस अडकलं असेल तर पुढून सळी घालून ठोकायचं नाही. नळी सुरक्षित दिशेला ठेवून थांबा आणि रेंजवरच्या (नेमबाजीच्या सरावाच्या जागेवरच्या) जाणकाराला बोलवा.

ट्रिगर ओढला आणि नुसतं ‘क्लिक’ झालं, तर नळी समोरच धरून ३० सेकंद थांबा. काही वेळा बार उशिरा सुटतो. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका, ‘पॉप’ असा आला तर पुढची गोळी झाडू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. बंदूक रिकामी करून नळी आरपार दिसते का ते पाहा.

.२२ मध्ये क्लिकचा त्रास थोडा राहणारच, कारण तिचा स्फोटक मसाला बुडाच्या काठात पसरलेला असतो आणि एखाद्या जागी कमी पडतो. अर्धस्वयंचलित रायफल पुन्हा पुन्हा अडकत असेल तर आधी मॅगझिन बदला, मग हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाच्या) गोळ्या वापरा, मग चेंबर ब्रशने साफ करा. याच क्रमाने. दर ५०० गोळ्यांनंतर चेंबरमध्ये मेण आणि शिशाची कडी जमते.

कडाक्याच्या थंडीत बार सुटला नाही आणि प्रायमरवर ठसा हलका दिसला, तर बोल्टमधलं (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) जुनं ग्रीस बहुधा घट्ट झालंय. ते पुसून काढा, त्याच्या जागी तेलाचा थेंब पुरतो.

बंदूक फोमच्या बॅगेत किंवा चामड्यात महिनोन्महिने ठेवली की गंजते. बाहेर काढून कपाटात, सोबत सिलिका जेल. काडतुसं रबरी गास्केटच्या पोलादी डब्यात, घरातल्या थंड जागी. पोटमाळ्यावर नको, उन्हाळ्यात तो भाजतो. काडतुसांवर डब्ल्यूडी-४० फवारू नका, तेल प्रायमरमध्ये झिरपतं.

घरातली माणसं

अमेरिकेत बंदुकीने होणार्‍या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात कुणी खचलेलं असेल, एखादा तरुण मुलगा गप्प गप्प असेल, तर बंदूक त्या काळात घराबाहेर, दुकानाच्या किंवा रेंजच्या लॉकरमध्ये ठेवा. नसेल तरी नियम एकच: बंदूक रिकामी आणि कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली देवघराच्या खणात ठेवली की मुलांना आठवड्यात कळतं.

भारतातून आई-बाबा सहा महिने राहायला येतात ते बी-२ व्हिसावर, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर. कपाटाचा आकडा त्यांना सांगून ठेवू नका, ‘मी नसताना असू द्या’ म्हणून किल्लीही देऊ नका. कायद्याने बंदूक त्यांच्याच ताब्यात आल्यासारखी धरली जाऊ शकते.

आणि रेंजवर नेलेली बॅग भारतात जायच्या प्रवासाला कधीच घेऊ नका. अस्तरात राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. नकळत राहिलं हे न्यायालयात मान्य झालं तरी त्याआधीचे पोलीस ठाण्याचे आणि वकिलाचे हेलपाटे चुकत नाहीत. रेंजसाठी भडक रंगाची वेगळी बॅग घ्या, आणि ती कपाटाशेजारीच टांगा.