आटवण्याआधी चमचा उलटा करा

बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या अधिकाऱ्यांनी मागे ठेवलेले काटे-चमचे अजून कधीमधी शहापूरला आमच्या पेढीवर येतात. आणणाऱ्याचं म्हणणं बहुतेक ठरलेलं, "वैनी, आटवून लेकीला पैंजण करून द्या ओ." मी आधी चमचा उलटा करते. तुम्हीही करा.

दांडीच्या मागे भिंग धरा. पंजा उचलून चालणारा सिंह दिसला की ती इंग्लंडची स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. शेजारी गावाची खूण: बिबट्याचं तोंड लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट जुन्या शेफील्डचा. एक सुटं अक्षर वर्ष सांगतं, पण लंडनला दर वीस वर्षांनी तीच अक्षरं फिरून यायची; म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट यादीशी ताडून बघा. राजा-राणीचं मुंडकं ही कर भरल्याची खूण, म्हणजे माल १७८४ ते १८९० मधला. ठसे टोकाऐवजी वाटीजवळ असतील, तर चमचा बहुधा त्याहून जुना.

उरलेली अक्षरं कारागिराची. त्यात मी कायम वळणदार 'एचबी' शोधते. हेस्टर बेटमन. नवरा १७६० मध्ये गेला, पुढच्याच वर्षी तिने लंडनमध्ये स्वतःचा ठसा नोंदवला आणि मुलांना हाताशी धरून कारखाना चालवला. मीही नवऱ्यामागे या गादीवर बसले. तो ठसा हाती लागला तर मी आटवू देणार नाही.

'ईपीएनएस' लिहिलेलं असेल तर तो विजेचा मुलामा, आत जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, नावातच काय ती चांदी. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी १८४० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लोहचुंबकावर विसंबू नका, तो दोन्हींना चिकटत नाही. वाटीची पाठ पिवळसर दिसते का ते बघा, मुलामा तिथे आधी झिजतो.

एकदा सहा चमचे आले, कसाला उतरले, पण दर दिवाळीला रांगोळीने घासून ठसे सपाट झालेले. कुणी घडवले ते कळलंच नाही, आणि ते मुशीत गेले. म्हणून रांगोळी, राख नको. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. अंडं आणि मीठ लागलं तर लगेच धुवा. सुऱ्या मात्र गरम पाण्यात बुडवू नका. पोकळ मुठीत राळ भरलेली असते, ती सुटते आणि पातं हलायला लागतं.