स्ट्रॅटेजी खऱ्या पैशावर चालवण्याआधीची तयारी

शेअर निवडण्याचे आणि खरेदी-विक्रीचे ठरावीक नियम, म्हणजे स्ट्रॅटेजी, प्रोग्रामने चालवायची असेल तर आधी काय करावं ते पाहू. हिशेबासाठी एक ठोस उदाहरण घेऊ. भांडवल ५ लाख रुपये, फक्त डिलिव्हरी (शेअर घेऊन खात्यात ठेवायचे), शेअर निफ्टी १०० या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातले. दर महिन्याच्या शेवटच्या सत्रानंतर यादी काढायची आणि शेवटचा महिना वगळून त्याआधीच्या ११ महिन्यांत सर्वाधिक वाढलेले १० शेअर धरायचे. निफ्टी स्वतःच्या गेल्या २०० दिवसांच्या सरासरीखाली असेल तर नवी खरेदी बंद. फ्युचर्स-ऑप्शन्स मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. पहिली स्ट्रॅटेजी शिकायला ती जागा महागात पडते.

कोडला हात लावण्याआधी एका कागदावर तोटा लिहा, आणि तो रुपयांत लिहा. ‘२५ टक्के घसरण चालेल’ असं कुणीही म्हणतं. ५ लाखांचे ३ लाख ७५ हजार झालेत आणि वर्षभर आकडा तिथेच रेंगाळतोय, हे चालेल का, असं स्वतःला विचारा. त्याच कागदावर नियम इतका नेमका उतरवा की दुसऱ्या माणसाने तो चालवला तरी तेच १० शेअर निघावेत. दहाव्या जागेवर दोन शेअर बरोबरीत आले तर कोणता घ्यायचा? एखादी कंपनी महिन्याच्या मध्येच निर्देशांकातून बाहेर गेली तर लगेच विकायची, की महिनाअखेरपर्यंत थांबायचं? ही उत्तरं आधी ठरली नाहीत तर बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर नियमाची चाचणी, करताना आपण नकळत सोयीचं उत्तर निवडतो.

आता डेटा. निम्म्याहून अधिक वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. पहिली गोष्ट, आजची निफ्टी १०० ची यादी घेऊन २०१५ चा बॅकटेस्ट करू नका. ट्रेंट तेव्हा त्या यादीत नव्हती. मधल्या वर्षांत वाढली म्हणून ती आज तिथे आहे. उलट येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होती आणि मार्च २०२० पर्यंत निफ्टी ५० मध्ये होती. आजच्या यादीवरून चाचणी घेतली की ती घसरण इतिहासातून गायबच होते. निर्देशांकाची फेररचना मार्च आणि सप्टेंबरअखेर होते, शिवाय अधूनमधून वेगळे बदलही होतात. त्यामुळे प्रत्येक महिन्याला त्या तारखेची यादी लागते. ती मिळवणं कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

मग बोनस, स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) आणि डीमर्जर (कंपनीचा एक व्यवसाय वेगळा होणं). २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्सचा १:१ बोनस किमतीत आला. भाव समायोजित केला नसेल तर त्या दिवशी शेअर निम्मा झालेला दिसतो आणि स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाखाली गेल्यावर होणारी विक्री, फुकट लागतो. डीमर्जर त्याहून त्रासदायक असतं. जुलै २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी झाली, जानेवारी २०२५ मध्ये आयटीसी हॉटेल्स. अशा वेळी सगळे डेटा विक्रेते जुने भाव सारख्याच पद्धतीने दुरुस्त करत नाहीत. म्हणून एका दिवसात १५ टक्क्यांहून जास्त हललेल्या प्रत्येक नोंदीची यादी काढा आणि ती कंपनीच्या घोषणांशी हाताने ताडून पाहा. कॅलेंडरही तपासा. सोमवार ते शुक्रवार धरून चालणारा कोड दिवाळीच्या मुहूर्त ट्रेडिंगला किंवा १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पी शनिवारला अडखळतो.

एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. एनएसईच्या भावपत्रकाच्या इतिहासातला क्लोज हा शेवटच्या व्यवहाराचा भाव नसतो. तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची, शेअरसंख्येनुसार काढलेली भारित सरासरी असतो. त्या भावाला सिग्नल (काय घ्यायचं, काय विकायचं) काढून त्याच भावाला खरेदी झाली असं धरणं चूक आहे, कारण तो आकडा कळतो तेव्हा बाजार बंद झालेला असतो. खरेदी दुसऱ्या दिवशीच्या ओपनला धरा आणि वर स्लिपेज, म्हणजे धरलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक, लावा.

भविष्यातली माहिती मागे गळते आहे का, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. मूळ भाव आणि बोनस-स्प्लिटच्या नोंदी ३१ डिसेंबर २०१८ ला तोडा, भाव तेवढ्यावरूनच समायोजित करा, स्ट्रॅटेजी चालवा, सिग्नल साठवा. मग पूर्ण डेटावर चालवा आणि २०१८ अखेरपर्यंतचे सिग्नल ओळीने जुळवा. एकही ओळ वेगळी आली तर कुठेतरी गळती आहे. नेहमीचं कारण म्हणजे ‘१०० रुपयांखालचे शेअर नको’ यासारखी गाळणी समायोजित भावावर लावलेली असते. तेव्हा ४०० रुपयांना मिळणारा शेअर नंतरच्या स्प्लिटमुळे आज जुन्या तारखेलाही ८० चा दिसतो आणि यादीतून उडतो. गाळणीसाठी मूळ भाव, परताव्यासाठी समायोजित भाव, असे दोन वेगळे स्तंभ ठेवा.

खर्चाचं गणित छोटं आहे, पण ते टाळू नका. डिलिव्हरीत एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) खरेदीला ०.१ आणि विक्रीला ०.१ टक्का, खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्का, शिवाय एक्सचेंजचं शुल्क, जीएसटी आणि विक्रीवर डीपी (डिमॅट खात्याचं) शुल्क. मोठ्या शेअरमध्ये प्रत्येक बाजूला ०.१ टक्का स्लिपेज धरलं तर खरेदी-विक्रीच्या एका फेरीला साधारण ०.४५ टक्का पडतो. दर महिन्याला निम्मा पोर्टफोलिओ बदलत असेल तर वर्षात सहा फेऱ्या, म्हणजे २.७ टक्के. १२ महिन्यांच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर आणि सेस वेगळा. तुलना करताना निफ्टी १०० चा लाभांशासह परतावा देणारा टीआरआय निर्देशांक घ्या. साध्या निर्देशांकाशी तुलना केली की स्ट्रॅटेजी फुकटात हुशार दिसते.

डेटाचे तीन तुकडे करा: २००५ ते २०१४ वर नियम घडवा, २०१५ ते २०१९ वर तपासा, २०२० पासूनचा भाग कुलपात ठेवा आणि एकदाच उघडा. (२०२० मध्ये काय झालं हे आपल्याला माहीत आहेच, त्यामुळे हे कुलूप तसं अर्धवटच.) किती पर्याय तपासले याची वही ठेवा, कारण तोच आकडा पुढे निकालाची किंमत ठरवतो. मुळात काहीच कमाई नसलेले आणि एकमेकांशी संबंध नसलेले १०० पर्याय ५ वर्षांच्या डेटावर तपासले तरी त्यातल्या सर्वोत्तमाचा शार्प रेशो (चढउताराच्या तुलनेत परतावा) निव्वळ नशिबाने सरासरी १.१ च्या घरात निघतो. त्यामुळे ‘शार्प १.२ आला’ यावर आनंद मानण्याआधी वही उघडा. २०० ऐवजी १५० किंवा २५० दिवसांची सरासरी घेऊन पाहा. ऑर्डर एक दिवस उशिरा टाकून पाहा. महिन्याला एकदा चालणारी पद्धत एका दिवसाच्या उशिराने कोसळत असेल तर ती टाकून द्या.

जोखमीकडे वळू. प्रत्येक शेअरवर भांडवलाच्या ०.७५ टक्का, म्हणजे ३,७५० रुपये धोक्यात घालायचे ठरवा. शेअर १,२०० रुपयांचा, रोजची सरासरी हालचाल, म्हणजे एटीआर, ३० रुपये, स्टॉप तीन एटीआर खाली, म्हणजे ९० रुपये. ३,७५० भागिले ९०, म्हणजे ४१ शेअर, ४९,२०० रुपये. सगळे दहा स्टॉप एकाच दिवशी लागले तर कागदावर तोटा साडेसात टक्के. प्रत्यक्षात तो जास्त होतो, कारण स्टॉप लावलेल्या भावाला विक्री होईलच याची हमी नसते. २३ मार्च २०२० ला बाजार उघडल्यावर थोड्याच वेळात १० टक्के पडला, ४५ मिनिटं बंद राहिला आणि निफ्टी दिवसअखेर १३ टक्के खाली होता. अदानी टोटल गॅस २०२३ च्या सुरुवातीला ओळीने अनेक दिवस लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या घसरणीच्या कमाल मर्यादेला, अडकली होती. तिथे स्टॉप लावूनही घेणारा कुणी नव्हता. म्हणून स्टॉपच्या दुप्पट तोटा धरून हिशेब पुन्हा करा आणि एका क्षेत्रातले तीनपेक्षा जास्त शेअर घेऊ नका. मोमेंटमच्या, म्हणजे आधीच वाढलेल्या शेअरच्या, यादीत एकाच लाटेवरचे शेअर गोळा होतात. ४ जून २०२४ ला निफ्टी जवळपास ६ टक्के पडला, पण सरकारी बँका आणि सरकारी वीज-वित्त कंपन्या त्याहून कितीतरी जास्त.

बॅकटेस्टमधल्या मासिक परताव्यांचे तीन-तीन महिन्यांचे गठ्ठे करून ते यादृच्छिक क्रमाने हजार वेळा पुन्हा निवडा आणि प्रत्येक वेळी कमाल ड्रॉडाऊन, म्हणजे शिखरापासूनची सर्वात मोठी घसरण, नोंदवा. गठ्ठे करायचे कारण वाईट महिने एकामागून एक येतात; सुटे महिने मिसळले की धोका कमी दिसतो. ९५ व्या शतमानाचा ड्रॉडाऊन (हजारांपैकी ९५० वेळा घसरण त्याच्या आत राहते) पहिल्या कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठा आला तर क्वांटिटी कमी करा, कागद बदलू नका. तो आकडा प्रत्यक्षात ओलांडला गेला तर पोझिशन निम्म्या करायच्या आणि ९९ वा ओलांडला तर पूर्ण थांबायचं, हेही आत्ताच लिहून ठेवा.

शेवटी यंत्रणा. एपीआयने, म्हणजे प्रोग्राममधून थेट ब्रोकरच्या यंत्रणेला, ऑर्डर पाठवायची असेल तर सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकातून आलेल्या चौकटीत ब्रोकरकडे नोंदवलेला स्थिर आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा न बदलणारा पत्ता) लागतो. डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून काढायची ब्रोकरला दिलेली परवानगी) दिलेलं नसेल तर होल्डिंगमधला शेअर विकताना टीपिन (डिमॅट खात्याचा पिन) टाकून मंजुरी द्यावी लागते, आणि ती नसेल तर सकाळी सव्वानऊला विक्रीच्या ऑर्डर फेटाळल्या जातात. आधी विक्री, मग खरेदी असा क्रम ठेवा. विक्रीची रक्कम त्याच दिवशी किती वापरता येते हे ब्रोकरला विचारून घ्या. ऑर्डरला उत्तर आलं नाही म्हणून आंधळेपणाने पुन्हा पाठवू नका, आधी ऑर्डर बुक तपासा, नाहीतर ४१ च्या जागी ८२ शेअर खात्यात येतात. सुरुवात पाव भांडवलाने करा. रोज संध्याकाळी प्रोग्रामची यादी आणि डिमॅटमधलं होल्डिंग जुळवा, आणि एक शेअर जरी कमी-जास्त निघाला तरी दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डर आपोआप थांबतील अशी सोय कोडमध्ये पहिल्याच दिवशी करून ठेवा.