कोरियात घरच्यांसोबत उन्हाळा आणि विद्यापीठात वर्ग: दोन्ही कसे जमवायचे

आईवडील, भाऊ किंवा बहीण नोकरीनिमित्त कोरियातल्या सुवॉन, उल्सान, चांगवॉनकडे राहतात, आपण शिक्षणासाठी भारतात किंवा आणखी कुठे, आणि एक उन्हाळा तिकडे जाऊन घरच्यांसोबत राहायचे, जमल्यास कोरियन भाषाही शिकायची. असा बेत बहुतेकदा तारखांवर अडतो. कोरियातल्या विद्यापीठांचे पहिले सत्र मार्चमध्ये सुरू होऊन जूनच्या मध्यावर संपते आणि उन्हाळी वर्ग जूनच्या अखेरीस भरतात. महाराष्ट्रातली सुट्टी तोवर संपत आलेली असते. अमेरिकेत किंवा युरोपात शिकणाऱ्यांना जून ते ऑगस्ट बहुधा मोकळा असतो, त्यांचे सहज जमते. इथे शिकणाऱ्याने आधी आपल्या कॉलेजची सत्र सुरू होण्याची तारीख पाहावी, हजेरीबद्दल विभागाशी बोलून लेखी परवानगी घ्यावी आणि मगच प्रवेशअर्ज भरावा. तिकडचे श्रेयांक (क्रेडिट) इकडे धरले जावेत अशी अपेक्षा असेल तर अभ्यासक्रम आणि एकूण तास दाखवून तेही आधीच लेखी ठरवावे. परत आल्यावर ही गोष्ट क्वचितच जमते.

कोणता वर्ग घ्यायचा

पर्याय तीन. विद्यापीठांच्या भाषा संस्थांचा नियमित वर्ग १० आठवड्यांचा, २०० तासांचा असतो: सोमवार ते शुक्रवार, रोज चार तास. योनसे, सोगांग, इह्वा, सोल राष्ट्रीय विद्यापीठ या सगळ्यांकडे तो आहे, आणि सोगांगची ओळख बोलण्यावर भर देणारी संस्था अशी आहे. याच संस्था तीन ते पाच आठवड्यांचे छोटे वर्गही घेतात. तिसरा पर्याय आंतरराष्ट्रीय उन्हाळी शाळेचा. ती चार ते सहा आठवड्यांची, इंग्रजीतून इतिहास, अर्थशास्त्र वगैरे विषय शिकवणारी, श्रेयांक देणारी आणि सगळ्यांत महाग.

घरच्यांना भेटणे हा मुख्य हेतू असेल तर १० आठवड्यांचा वर्ग घेऊ नये. अल्प मुदतीच्या व्हिसावर मिळणाऱ्या जास्तीत जास्त ९० दिवसांतले ७० त्यातच जातात. शिवाय रोजचा गृहपाठ आणि दर आठवड्याच्या चाचण्या असतातच. बहुतेक ठिकाणी उत्तीर्ण होण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते, म्हणजे २०० पैकी जेमतेम ४० तास, दहा दिवस, चुकवता येतात. पाच आठवड्यांचा वर्ग जूनअखेर सुरू झाला तर जुलैअखेर संपतो. कोरियातल्या कंपन्यांची उन्हाळी रजा, विशेषतः कारखान्यांची, नेमकी जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येते. म्हणजे तुमचा वर्ग संपतो आणि बाबांची किंवा ताईची रजा सुरू होते. हे साधले तर बेत खऱ्या अर्थाने जमला. तेव्हा घरच्यांच्या रजेची तारीख आधी विचारा आणि वर्ग तिच्या बेताने निवडा. त्या आठवड्यात सगळा देशच बाहेर पडतो, त्यामुळे बुसान किंवा कांगनुंगच्या रेल्वेची तिकिटे विक्री खुली होताच काढावीत.

घर कुठे आहे तेही बघा. सुवॉनहून मेट्रोने सोलच्या विद्यापीठ भागात जायला सव्वा ते दीड तास लागतो. पाच आठवडे हे निभते. उल्सानहून सोलला जलदगती रेल्वेनेही सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, म्हणून तिथल्यांनी बुसान राष्ट्रीय विद्यापीठासारखा जवळचा पर्याय धरावा, नाहीतर आठवडाभर सोलमध्ये आणि शनिवार-रविवार घरी असे करावे. पाच-सहा आठवड्यांसाठी भाड्याचे घर घेण्याच्या फंदात पडू नये, कारण तिथे मोठी अनामत लागते. विद्यापीठाचे वसतिगृह किंवा गोशिवॉन पुरते. गोशिवॉन म्हणजे खाट आणि टेबल मावेल एवढी खोली, पण तिला सहसा मोठी अनामत नसते.

व्हिसा

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. ९० दिवसांच्या आतल्या मुक्कामासाठी सी-३ हा प्रवर्ग, त्याहून लांब भाषाशिक्षणासाठी डी-४. महाराष्ट्रातल्यांचा अर्ज मुंबईतल्या कोरियन महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो.

दोन गोष्टी नेहमी चुकतात. पहिली, सी-३ म्हणजे आपोआप ९० दिवस नव्हे. किती दिवस राहता येईल ते व्हिसावर लिहिलेले असते आणि ते ३० ही असू शकतात. म्हणून अर्जात वर्गाच्या तारखा, त्यापुढचा घरचा मुक्काम आणि परतीची तारीख स्पष्ट मांडावी. दुसरी, एकदाच प्रवेश देणारा व्हिसा दिल्याच्या दिवसापासून सहसा तीन महिनेच चालतो. जूनअखेर जायचे आणि अर्ज फेब्रुवारीत केला तर तो वाया जातो. एप्रिलअखेर ते मेचा पहिला पंधरवडा ही योग्य वेळ. तिकडे गेल्यावर सी-३ चा डी-४ करून घेऊ, असे धरून चालू नये. सी-३ वर अर्धवेळ कामही करता येत नाही.

कागद असे जमवा: विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि शुल्काची पावती, नातेवाइकाचे निमंत्रणपत्र, त्याच्या निवासी कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, नोकरीचा दाखला, नात्याचा पुरावा, बँकेचे व्यवहार आणि प्राप्तिकर विवरण. नात्याचा पुरावा म्हणजे जन्मदाखला, आणि मराठी घरांची खरी अडचण तिथेच येते. दाखल्यावर कधी आईचे माहेरचे नाव असते, पासपोर्टवर सासरचे. तुमच्या पासपोर्टात वडिलांचे नाव मधे असते, कॉलेजच्या कागदावर कधी असते, कधी नसते. विवाहनोंदणीचा दाखला किंवा नावाबद्दलचे प्रतिज्ञापत्र सोबत लावा. विद्यापीठाचा अर्ज आणि विमानाचे तिकीट पासपोर्टातल्या अक्षरांप्रमाणेच भरा, वडिलांच्या नावासकट. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर लागते. अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे प्रमाणन, मागितले असेल तर आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे, असा क्रम असतो. त्यासाठी तीन-चार आठवडे हाताशी ठेवा.

लहानपणी आईवडिलांसोबत एफ-३ या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर राहिलेल्यांनी जुन्या कार्डाच्या भरवशावर राहू नये. एफ-३ जोडीदाराला आणि अविवाहित अल्पवयीन अपत्याला मिळतो, आणि कोरियात सज्ञान होण्याचे वय १९ आहे.

आई किंवा वडील कोरियन नागरिक असतील तर गोष्ट वेगळी आणि गंभीर. जन्मतःच कोरियन नागरिकत्व लाभलेल्या दुहेरी नागरिक मुलाने ते सोडायचे असल्यास १८ वे वर्ष ज्या वर्षी पूर्ण होते त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत सोडावे लागते. ती तारीख हुकली तर लष्करी सेवेचा प्रश्न उभा राहतो. अशा घरांनी तिकिटाआधी दूतावासाशी बोलावे.

पैसे आणि सामान

सोलमधल्या नियमित १० आठवड्यांच्या वर्गाचे शुल्क साधारण १५ ते २० लाख वॉन, म्हणजे लाख रुपयांच्या आसपास. बँकेतून पाठवताना सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय निवडा. नाहीतर मधली बँक आपले पैसे कापून घेते, विद्यापीठाला रक्कम कमी पोचते आणि प्रवेश अडकून राहतो. अल्प मुक्कामात कोरियाचा राष्ट्रीय आरोग्य विमा मिळत नाही, म्हणून प्रवासविमा इथूनच घ्या.

घरच्यांसाठी हापूसची पेटी न्यायचा मोह आवरा. ताजी फळे, रोपे, बियाणे आणि मांसाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतले जातात, आणि न सांगता नेल्यास दंड होतो. ताजा कढीपत्ताही यातच येतो. दळलेले मसाले, चटण्या, पापड बंद पाकिटात न्या आणि शंका असेल तिथे जाहीर करा. कोडीनचे खोकल्याचे औषध तिथे अमली पदार्थांच्या नियमात येते, ते नेऊच नका. झोपेची किंवा मानसोपचाराची औषधे लागत असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा आणि परवानगी लागते का ते आधी विचारा. वीज २२० व्होल्टची, सॉकेट दोन गोल पिनांचे, त्यामुळे आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही.

ई-अरायव्हल कार्ड, म्हणजे कोरियात प्रवेशासाठीचा ऑनलाइन अर्ज, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे. ते मोफत आहे, पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर बंद करा. त्यात पत्ता घरच्यांचा द्या आणि तो कोरियन लिपीत लिहून जवळही ठेवा, टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.

वर्गाचा पहिला आठवडा

कोरियन भाषेची हानगुल लिपी घरूनच शिकून जा. मूळ अक्षरे २४, रोज तासभर दिला तर आठवड्यात येते. वाक्यरचना मराठीला ओळखीची आहे: क्रियापद शेवटी, आणि नामाला प्रत्यय. त्रास होतो तो उच्चारात, साध्या, जोरकस आणि महाप्राण ध्वनींचा भेद ऐकताना.

लहानपणी तिथे बालवाडीत गेलेल्यांची अडचण उलटी असते. कान तयार, बोलणे झरझर, पण लेखन कच्चे. पातळी ठरवणारी चाचणी लेखनावर झुकते, त्यामुळे अशी मुले पहिल्या पातळीत पडतात आणि कंटाळतात. तोंडी मुलाखत मागा आणि पातळी बदलायची असल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांतच सांगा. त्यांची भाषाही बहुधा बानमाल असते, आपल्या अरे-तुरेसारखी. शिक्षकांशी, शेजारच्या आजींशी ती चालत नाही, म्हणून आदरार्थी रूपे जाणीवपूर्वक घोटावीत.

रोजचे

चालत जायचा रस्ता गूगल नकाशा तिथे नीट दाखवत नाही, नेव्हर किंवा काकाओचा नकाशा घ्या. बस-मेट्रोचे टी-मनी कार्ड भरायला रोख ठेवा. योनसे आणि इह्वाच्या भागातले स्थानक सिनचॉन, मेट्रोची दुसरी मार्गिका. त्याच मार्गिकेवर मिळत्याजुळत्या नावाचे दुसरे स्थानक होते, ते २०१६ मध्ये जामशिलसेने झाले, पण जुन्या नकाशांत आणि लोकांच्या तोंडी अजून सापडते. घरी कचरा ठरलेल्या विकतच्या पिशवीतच टाकतात आणि अन्नाचा कचरा वेगळा. तो चुकला तर दंड घरच्यांना होतो. शाकाहारी असाल तर डबा न्या, कारण साध्या दिसणाऱ्या सूपलाही सुक्या मासळीचा अर्क असतो आणि किमचीत खारवलेली मासळी.

जूनअखेर ते जुलैअखेर जांगमा, म्हणजे तिथला पावसाळा. पुढे ऑगस्टात दमट उकाडा. १५ ऑगस्टला तिथेही स्वातंत्र्यदिन, वर्ग बंद. व्हिसा किंवा मुक्कामाची शंका आली तर १३४५ हा परकीयांसाठीचा मदत क्रमांक, आजारपणात ११९.