पेसमेकर किंवा आयसीडी बसवलेल्यांनी जंतुसंसर्ग कसा टाळावा आणि वेळेत कसा ओळखावा

पेसमेकर (हृदयाचे मंद ठोके सांभाळणारे यंत्र), आयसीडी (ठोके धोकादायकरीत्या बिघडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र) किंवा सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजूंचे आकुंचन एकाच वेळी घडवणारे यंत्र) यांपैकी कोणतेही उपकरण बसवताना साधारणतः गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेच्या आत एक लहानसा खिसा तयार केला जातो, त्यात बॅटरी असलेला भाग ठेवला जातो आणि त्याला जोडलेल्या तारा, म्हणजे लीड, शिरेतून थेट हृदयाच्या कप्प्यांपर्यंत नेलेल्या असतात. ही रचना एकदा लक्षात घेतली की पुढच्या सगळ्या सूचनांमागचे कारण समजते. खिशात शिरलेल्या जंतूंना हृदयापर्यंत पोहोचण्याची वाट या तारांमुळे तयारच असते. तसेच शरीरात अन्यत्र सुरू झालेला संसर्ग रक्तावाटे येऊन याच तारांवर बसू शकतो.

असा संसर्ग क्वचितच होतो. पहिल्यांदाच पेसमेकर बसवणाऱ्यांमध्ये त्याचे प्रमाण साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी असते. बॅटरी बदलताना, लीड वाढवताना किंवा काही कारणाने तोच खिसा पुन्हा उघडावा लागल्यास ते वाढते. मात्र झाल्यावर तो नुसत्या गोळ्यांनी बरा होत नाही. त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू बहुतेक वेळा याला कारणीभूत असतात. ते धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर ओढ्यातल्या दगडावर शेवाळ धरावे तसा एक चिकट थर धरतात. या थराच्या आत प्रतिजैविके पुरेशी पोहोचत नाहीत आणि शरीराच्या संरक्षक पेशीही निष्प्रभ ठरतात. औषध सुरू असेपर्यंत लालसरपणा ओसरतो, ताप उतरतो आणि औषध थांबले की काही आठवड्यांत सगळे परत येते. म्हणून हा संसर्ग होऊ न देणे आणि झालाच तर पहिल्या खुणेलाच ओळखणे, या दोन्ही गोष्टींत रुग्णाचा आणि घरच्यांचा वाटा मोठा आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी काय सांगावे आणि काय विचारावे

आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी ताप, कणकण, लघवीची जळजळ, दातातला पू किंवा पायाची चिघळलेली जखम असेल तर ते न लपवता सांगावे. शस्त्रक्रियेच्या आधीच्या चोवीस तासांत ताप असणे हा संसर्गाचा धोका वाढवणारा ठळक घटक आहे, आणि तातडी नसेल तर शस्त्रक्रिया काही दिवस पुढे ढकलणे केव्हाही हिताचे. तारीख मिळवण्यासाठी केलेली धावपळ वाया जाईल या भीतीने अनेकजण गप्प बसतात. ती भीती समजण्यासारखी असली तरी ताप दडवून शस्त्रक्रिया करून घेऊ नये. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, डायलिसिस, दीर्घकाळ चालू असलेली स्टिरॉइड औषधे, त्वचारोग आणि पूर्वीच्या उपकरणांची माहितीही द्यावी. रक्तातील साखर आधीच्या काही आठवड्यांपासून आटोक्यात ठेवावी.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण खिशात रक्त साचून गाठ झाली की संसर्गाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. पूर्वी वॉरफरिन थांबवून मधल्या काळात हेपरिनची इंजेक्शने देण्याची पद्धत होती. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रूझ कंट्रोल या चाचणीत असे दिसले की हेपरिन दिलेल्यांपैकी 16 टक्के रुग्णांच्या खिशात लक्षणीय रक्तगाठ झाली, तर वॉरफरिन न थांबवता शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे प्रमाण केवळ 3.5 टक्के होते. याचा अर्थ प्रत्येकाने गोळ्या चालूच ठेवाव्यात असा नाही. नवी रक्त पातळ करणारी औषधे, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचे नियम वेगवेगळे असतात. पण कोणती गोळी कोणत्या दिवशी घ्यायची आणि कोणती नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि स्वतःच्या अंदाजाने एकही गोळी बंद करू नये.

छातीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. वस्तऱ्याने होणाऱ्या सूक्ष्म ओरखड्यांत जंतू वाढतात. गरज असेल तर रुग्णालयात ट्रिमरने केस कापले जातात. शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून प्रतिजैविकाचा डोस दिला जातो, आणि सेफाझोलिनसारखे औषध असेल तर तो छेद देण्याआधीच्या तासाभरात मिळायला हवा. ॲलर्जी असल्यास दुसरे औषध निवडावे लागते, म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी आवर्जून सांगावी. ज्यांना धोका अधिक आहे त्यांच्यासाठी उपकरणाभोवती गुंडाळण्याची, प्रतिजैविक हळूहळू सोडणारी जाळीची पिशवी उपलब्ध आहे. 2019 सालच्या रॅप-इट चाचणीत सुमारे सात हजार रुग्णांमध्ये तिच्यामुळे मोठ्या संसर्गाचे प्रमाण वर्षभरात 1.2 टक्क्यांवरून 0.7 टक्क्यांवर आले. आपल्याला तिचा उपयोग आहे का, किंवा लीडविरहित पेसमेकर चालेल का, हे विचारण्यात संकोच करू नये.

घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे

जखम किती दिवस कोरडी ठेवायची हे टाक्यांच्या प्रकारानुसार सांगितले जाते, साधारणतः आठवडा ते दहा दिवस. तिच्यावर हळद, पावडर, मलम किंवा तेल काहीही लावू नये. ड्रेसिंगला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि खाज आली तरी जखमेची खपली काढू नये. लीड पक्की बसेपर्यंत त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये. मात्र तो गळ्यात अडकवून पूर्ण निश्चलही ठेवू नये, नाहीतर खांदा आखडतो.

रोज उजेडात, शक्यतो आरशासमोर उभे राहून, जखमेकडे नीट पाहावे. पहिल्या काही दिवसांत थोडा काळानिळेपणा आणि किंचित सूज असणे स्वाभाविक आहे. सूज दिवसेंदिवस वाढत असेल, खिसा टणक आणि ताणलेला वाटत असेल, तर त्याच दिवशी कळवावे. येथे एक गोष्ट ठामपणे सांगतो: साचलेले रक्त किंवा पाणी सुईने काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मान्य करू नये. सुईबरोबर त्वचेवरचे जंतू आत जातात आणि स्वच्छ असलेला खिसाही दूषित होऊ शकतो. हे काम उपकरण बसवणाऱ्या पथकाच्या निर्णयाशिवाय होता कामा नये.

महिन्यांनी, वर्षांनी दिसणाऱ्या खुणा

जखम भरली म्हणजे धोका संपला, असा समज सर्रास आढळतो आणि त्यामुळेच उशीर होतो. संसर्ग वर्ष-दोन वर्षांनंतरही होऊ शकतो, आणि त्याची सुरुवात फार शांतपणे होते. उपकरणाच्या एखाद्या कडेवरची त्वचा पातळ, चकचकीत आणि जांभळट दिसू लागते. पूर्वी बोटाने किंचित सरकणारी त्वचा खालच्या धातूला चिकटल्यासारखी होते. अंगावर कपडा घासला तरी तेथे दुखते. पुढे तेथून थेंबभर पाणी किंवा पू येतो आणि अखेर धातूची कडा उघडी पडते. धातू दिसू लागला असेल तर ताप नसला आणि रक्ताचे अहवाल सामान्य असले तरी संपूर्ण उपकरण दूषित झाले आहे असेच धरले जाते. वरून पुन्हा टाके घालून ते झाकणे हा उपाय नव्हे.

कधीकधी खिसा अगदी व्यवस्थित दिसतो आणि संसर्ग फक्त लीडवर असतो. अशा वेळी थंडी वाजून येणारा ताप, रात्रीचा घाम, भूक मंदावणे, वजन घटणे, दम लागणे एवढेच दिसते. लीडवरचे जंतूंचे पुंजके सुटून फुप्फुसांत गेले की खोकला आणि छातीत दुखणे सुरू होते, आणि न्यूमोनिया समजून उपचार होत राहतात.

म्हणून कारण न सापडलेला ताप आल्यास सर्वांत आधी, प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी, रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी, करून घ्यावे. वेगवेगळ्या ठिकाणच्या शिरांतून किमान दोन, शक्यतो तीन नमुने घेतले जातात. माझ्या मते या संपूर्ण मार्गदर्शनातली सर्वांत मोलाची सूचना हीच आहे, कारण दोन-तीन दिवसांच्या प्रतिजैविकानेही कल्चरमध्ये जंतू न उगवण्याची शक्यता वाढते, मग निदान आठवडे लांबते. प्रकृती गंभीर असेल तर नमुने घेताक्षणीच औषध सुरू करता येते, त्यामुळे यात वेळ वाया जात नाही. नव्या डॉक्टरांना भेटताच ‘मला पेसमेकर आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे आणि उपकरणाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस आढळला, तर खिसा कितीही चांगला दिसत असला तरी अन्ननलिकेतून इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी, करून लीड व झडपा पाहणे आवश्यक ठरते.

दातांच्या उपचारांबाबत नेहमी विचारले जाते. केवळ पेसमेकर किंवा आयसीडी आहे एवढ्यासाठी दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक घेण्याची गरज नसते. कृत्रिम झडप असेल किंवा पूर्वी हृदयाच्या आतील आवरणाचा संसर्ग झालेला असेल तर मात्र ते लागते.

संसर्ग निश्चित झाल्यास

बॅटरी आणि सर्व लीड काढणे हाच उपचार आहे. केवळ बॅटरी काढून तारा आत ठेवल्यास संसर्ग पुन्हा उद्भवतो. तरीही अमेरिकेतील मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेतील रुग्णांच्या नोंदींत संसर्गाचे निदान झालेल्यांपैकी एक पंचमांशाहूनही कमी लोकांचे उपकरण महिन्याभरात काढले गेले होते, आणि ज्यांचे लवकर काढले गेले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी होते. जुन्या लीड शिरेला आणि हृदयाला घट्ट चिकटलेल्या असतात. त्या काढण्यासाठी विशेष आवरणनळ्या किंवा लेसर वापरतात, म्हणून हे काम नियमितपणे होत असलेल्या आणि हृदयशस्त्रक्रियेचे पथक सज्ज असलेल्या केंद्रातच करून घ्यावे. तेथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

उपकरण काढल्यानंतर संसर्ग खिशापुरता असेल तर साधारण दोन आठवडे, आणि झडपेपर्यंत गेला असेल तर चार ते सहा आठवडे प्रतिजैविके दिली जातात. जे पूर्णतः पेसमेकरवर अवलंबून आहेत त्यांना मधल्या काळात तात्पुरता पेसिंगचा आधार दिला जातो. नवे उपकरण लगेच बसवण्याची घाई करू नये: आधी त्याची आजही गरज आहे का, हे नव्याने तपासले जाते, कारण काही रुग्णांना ते पुन्हा लागत नाही. लागलेच तर रक्ताची कल्चर किमान 72 तास जंतुरहित राहिल्यानंतर ते शक्यतो छातीच्या दुसऱ्या बाजूला बसवले जाते.