लाईट गेली तरी माजघरात उजेड: बारा व्होल्टचं वायरिंग

बारा व्होल्टचे दिवे लावून घ्यायला येणारा माणूस आधी विचारतो, बॅटरी कोणती घेऊ? मी त्याला विचारतो, पडवीपासून मागच्या न्हाणीपर्यंत घर किती लांब आहे? हर्णै बंदरात बोटींचं आणि रिक्षांचं वायरिंग हाच माझा धंदा. कमी व्होल्टेजचं काम बिघडतं ते वायरीत आणि जोडांत. बॅटरी काय, पैसे टाकले की मिळते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अशा वेळी घरातला इन्व्हर्टर फार पुरत नाही. त्यावर पंखा चालतो, टीव्ही चालतो, आणि बाराचे २३० व्होल्ट करताना तो स्वतःही वीज खातो, दिवा लागलेला असो वा नसो. एलईडीला आत शेवटी कमीच व्होल्टेज लागतं. मग हा फेरा कशाला? बॅटरीतून वायर सरळ दिव्यात न्यावी.

आधी कागदावर हिशेब मांडा. दिव्याचे वॅट गुणिले तो चालायचे तास, म्हणजे वॅट-तास. चुलीजवळ ७ वॅटचा दिवा तीन तास, माजघरात ५ वॅटचा चार तास, पडवीत ५ वॅटचा तीन तास, न्हाणीकडे ३ वॅटचा मिळून तासभर, आणि रात्रभर, म्हणजे दहा तास, १ वॅटचा झिरो. बेरीज होते ६९, म्हणजे रात्रीला साधारण ७० वॅट-तास. तीन रात्री काढायच्या तर २१०. बारा व्होल्ट ४० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी (लेड-अ‍ॅसिडचाच एक प्रकार) कागदावर १२ गुणिले ४०, म्हणजे ४८० वॅट-तास देते, पण लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी २४०. बसतं गणित. लिथियम आयर्न फॉस्फेटची २० अँपिअर-तासाची बॅटरी जवळपास तेवढंच काम करते, वजनाला हलकी असते आणि टिकते जास्त. मात्र चार्जर तिच्यासाठीचाच लागतो. रिक्षातली उतरलेली जुनी बॅटरी मात्र आणू नका. ती क्षणभर जोरात करंट देऊन इंजिन फिरवायला केलेली असते, रोज हळूहळू रिकामी करायला नव्हे.

एक गोष्ट सगळे विसरतात. मोबाईल एकदा पूर्ण भरायला १५ ते २० वॅट-तास जातात. दोन फोन लावले की निम्म्या रात्रीचा उजेड संपला. म्हणून चार्जिंगचं सॉकेट वेगळ्या स्विचवर ठेवा, आणि तो स्विच घरातल्या म्हातारीच्या ताब्यात द्या.

आता वायर. २३० व्होल्टमध्ये एक व्होल्ट वाटेत गळला तर कुणाला कळतही नाही. बारात एक गळला तर बारावा हिस्सा गेला. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर १५ मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन ३० मीटर होते, आणि दोन अँपिअरला पाऊण व्होल्ट वाटेतच संपतो. अडीचची घेतली तर साधारण ०.४५. एक चौरस मिलिमीटरची घेतली तर एक व्होल्टच्या वर. आपली घरं पुढून मागे लांब, त्यात गोठा असला की आणखी दहा पावलं. म्हणून बॅटरी एका टोकाला न ठेवता माजघराच्या आसपास ठेवा, तिथून दोन्हीकडे दोन वेगळ्या लाईनी काढा. मधली लाईन अडीचची, दिव्यापर्यंतचे फाटे दीडचे. अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

चिऱ्याच्या भिंतीत स्क्रूची गिट्टी धरत नाही, भोक भुगा होऊन मोठं होतं. वाशाच्या किंवा तुळईच्या कडेने पट्टी मारून त्यातून वायर न्या. उंदराचे दातही त्यामुळे लांब राहतात. २३० ची वायर आणि ही वायर एका पाइपातून कधीच न्यायची नाही. लाल प्लस, काळी मायनस, सगळ्या घरात एकच रीत. पुढच्या वेळी काम करायला येणारा मी असेनच असं नाही.

खारा वारा नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड खातो. वरून टेप जशीच्या तशी असते आणि आत हिरवा कीट. बोटीवर आम्ही कथील चढवलेल्या तारेची वायर वापरतो. समुद्राला लागून घर असेल तर तीच घ्या. वायरीच्या टोकाला लग, म्हणजे धातूची कडी, दाबून बसवा, जोडाला डाग द्या, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. बॅटरीच्या टोकांना घट्ट आवळल्यावर पेट्रोलियम जेली लावायची. आधी आवळायचं, मग जेली.

फ्यूजच्या बाबतीत मी ऐकून घेत नाही. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर होतात. पण प्लस-मायनस एकमेकांना चिकटले तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि वायर लाल होते. वर कोरडे वासे आणि रिपा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच फ्यूज होल्डर बसवा, गाडीचा १० अँपिअरचा लाल पात्याचा फ्यूज घाला, आणि दोन फ्यूज जास्तीचे जवळच चिकटवून ठेवा. फ्यूज उडाला म्हणून तार गुंडाळणाऱ्याने दिवे लावूच नयेत.

दिवे घेताना खोक्यावर ९ ते १५ व्होल्ट असं काही लिहिलेलं बघा. चार्जिंग चालू असताना बॅटरी १४.४ पर्यंत चढते. साधी एलईडी पट्टी त्यात तापून लवकर मरते. होल्डर आट्यांचे घ्या. घरातले नेहमीचे होल्डर पिनांचे असतात, त्यामुळे बारा व्होल्टचा दिवा २३० च्या होल्डरमध्ये जाऊच शकत नाही. रंग पिवळसर निवडा, पावसात पाखरं कमी जमतात. आणि मागच्या दारापासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर एक दिवा असा लावा की उजेड जमिनीवर पडेल. फुरसं पायाखाली यायच्या आत दिसलं पाहिजे.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. देवघरात समईजवळ किंवा चुलीशेजारी ती ठेवायची नाही. वारा खेळता असेल अशा कोपऱ्यात, जमिनीपासून वर, लाकडी फळीवर ठेवा. पोरांचा हात पोचणार नाही असं बघा.

चार्जिंगला एरवी साधा चार्जर पुरतो. ४० च्या बॅटरीला ४ अँपिअरचा. पण वादळानंतर लाईटच नसते, म्हणून ४० वॅटचं सोलर पॅनेल असावं. दक्षिणेकडे तोंड, १५ ते २० अंश उतार, आणि माडाची झावळी सावली टाकणार नाही अशी जागा. थोड्या सावलीनेही उत्पादन भलतंच पडतं. आषाढात पॅनेलवर विसंबू नका. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर लागतो. त्याला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल, काढताना उलट. बॅटरीचा प्रकार त्यात बरोबर निवडा. दिवे कधी तोडायचे ते ठरवता येत असेल तर लेड-अ‍ॅसिडला ११.८ व्होल्टवर ठेवा, कारण बऱ्याच कंट्रोलरांत ते ११ च्या आसपास असतं आणि बॅटरी त्यात झिजते.

व्होल्ट मोजायला मल्टिमीटर एक घेऊनच ठेवा. चार्जिंग बंद करून, दिवे बंद ठेवून, तासा-दोन तासांनी मोजलं तर भरलेली लेड-अ‍ॅसिड १२.७ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उरली. शेवटच्या दिव्यापाशीही मोजा. सगळे दिवे लावून बॅटरीपाशी आणि तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर एखादा जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. हात लावून बघा, गरम लागेल तो जोड उघडा.

मृग लागायच्या आधी मेन स्विच पाडून एक रात्र घर ह्याच दिव्यांवर चालवा. बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, विहिरीचं नाही. गडगडाट सुरू व्हायच्या आधी पॅनेलचा कनेक्टर काढून ठेवायचा. आणि बॅटरी संपली की परसात टाकू नका. दुकानदार नवी देताना जुनीचे पैसे वळते करतो.