पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे लगेच ब्लड कॅन्सर नव्हे

सीबीसीच्या (रक्तातल्या पेशींच्या मोजणीच्या) कागदावर आकड्यापुढे ठळक ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) दिसला की छातीत धस्स होतं. आईचा रिपोर्ट घेऊन मी जालन्याच्या बसस्टँडवर सुन्न बसले होते. पांढऱ्या पेशी १४,२००! मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,००० असतात. निघालं काय, तर दाढेखालचं गळू.

म्हणून एकटा आकडा धरून बसू नका. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट (दीड ते साडेचार लाख) सोबतच वाचा. जंतुसंसर्गाने, स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही पांढऱ्या पेशी वाढतात. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात. आधीचे रिपोर्ट असतील तर तेही जवळ ठेवा, आकडा कधीपासून सरकतोय ते डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.

पण तिन्ही आकडे बिघडलेले असतील, किंवा स्मिअरच्या (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीच्या) शेऱ्यात ‘ब्लास्ट’ (पूर्ण न वाढलेल्या, कच्च्या पेशी) हा शब्द असेल, तर पेशी कमी असोत की जास्त, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हिरड्यांतून रक्त, अंगावर विनाकारण निळे डाग, न हटणारा ताप असेल तरीही तसंच. पुढच्या तपासणीला मुंबईच गाठावी लागते असं नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.